काट्यावर आलं तेच पट्टीवर

पत्र:

"मावशी, नमस्कार. मी ३२ वर्षांची. माहेर श्रीरामपूरकडचं, लग्न होऊन मिरजेत आले. गेली चार वर्षं सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात हिशोबाला आहे. शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पट्ट्या करते, टॅलीत नोंदी घेते, हमालांची आणि माल निवडणाऱ्या बायकांची हजेरी लिहिते. दुकानात कॅथलिक मी एकटीच. माणसं चांगली आहेत, पण मला रोज दोन घरांत राहिल्यासारखं वाटतं. गळ्यातला क्रूस मी ड्रेसच्या आत ठेवते. पाडव्याला वहीपूजन असतं तेव्हा मालक म्हणतात, 'वही तुझी, कुंकू तूच लाव.' प्रसाद घ्यावा की नाही, तेही कळत नाही. सीझनला रविवारीही बोलावतात, मग चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चुकते. एकजण चेष्टेत म्हणतो, 'हिच्यापासून जपा, बाटवील.' तिथं मी हसते आणि घरी येऊन रडते. श्रद्धा आणि नोकरी एकत्र कशी जगायची? आणि हो, पट्टी करताना पोत्यामागं अर्धा किलो कमी लिहायला सांगतात. एवढं चालतंच म्हणतात. त्याचंही जमलं तर सांगा."

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा क्रूस, कुंकू, प्रसाद आणि रविवार यांतच अडकले. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळींपाशी थांबले. 'जमलं तर सांगा' म्हणून जे तू पत्राच्या तळाला ढकललंस, त्याच्यासाठीच हे पत्र लिहिलं गेलंय असं मला वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते. बाकीचं त्यामानानं सोपं आहे.

आधी हिशोब करू, तो तुझाच प्रांत. एका शेतकऱ्यानं चाळीस पोती आणली. पोत्यामागं अर्धा किलो म्हणजे वीस किलो. क्विंटलला पंधरा हजार भाव धरला, तर त्याचे तीन हजार रुपये गेले. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलंस तर आकडा वेगळा दिसतो. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते. मग ती काढायची, शिजवायची, उन्हात पंधरा-वीस दिवस पसरायची, ढोलात घालून पॉलिश करायची. पाच किलो ओल्या हळदीची सुकी हळद जेमतेम किलोभर भरते. म्हणजे तुझ्या पेनानं गाळलेल्या वीस किलोंसाठी त्या माणसानं क्विंटलभर ओली हळद जमिनीतून उकरून काढलेली असते. पट्टी हातात घेऊन तो गप्प बसतो, कारण पुढच्या उचलीसाठी त्याला याच दुकानात यायचं असतं.

पवित्र शास्त्रात काट्या-मापांबद्दल जितकं स्पष्ट लिहिलंय, तितकं फार थोड्या गोष्टींबद्दल असेल. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात म्हटलंय की तुझ्या थैलीत दोन तऱ्हेची वजनं नसावीत, एक जड आणि एक हलकं. नीतिसूत्रं सांगतात की खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो. आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नको' या आज्ञेखाली, भ्रष्टाचार, खोटी बिलं, करचुकवेगिरी, अन्याय्य मजुरी आणि वाईट केलेलं काम ही सगळी एका रांगेत बसवली आहेत. परिच्छेद २४०९ काढून वाच. देव फक्त वेदीजवळ असतो आणि वखारीच्या दारात थांबतो, असं आपण कुठल्या मिस्सेत ऐकलंय?

दोन घरांत राहिल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंस. चर्चच्या जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली नेमकं हेच दुखणं दाखवलं होतं. माणूस जो विश्वास कबूल करतो आणि जे रोजचं आयुष्य जगतो, त्यांतली फूट ही या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे, असं परिषदेनं म्हटलं. तुझी फूट क्रूस आत ठेवल्यामुळं पडली, असं तुला वाटतं. मला ती पट्टीवर पडलेली दिसते.

आता तुझ्या मनात येईल की मग नोकरी सोडू का? बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडं जकातदार आले आणि विचारू लागले, 'आम्ही काय करावं?' लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. नोकरी सोडा, असं तो म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, म्हणाला. शिपायांनाही त्यानं तेच सांगितलं की कुणाला नाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. त्या काळी जकातदाराचा धंदा लोकांच्या नजरेत किती खाली होता ते तुला ठाऊक आहे. तरी योहानानं त्यांना त्यांच्याच नाक्यावर परत पाठवलं आणि तिथंच सरळ राहायला सांगितलं.

दुसऱ्याच्या पापात आपला हात किती, हे चर्चनं शतकानुशतकं बारकाईनं तपासलंय. संत आल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात यावर पुष्कळ लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मी माझ्या भाषेत सांगते. मालक लबाडी करतात त्या दुकानाचं कुलूप तू उघडतेस, फोन घेतेस, खरी बिलं टॅलीत चढवतेस, यानं त्यांच्या लबाडीत तू सामील होत नाहीस. पोटासाठी असल्या ठिकाणी काम करणारी लाखो चांगली माणसं आहेत. पण काट्यावर ५०.५ दिसत असताना ५० हा आकडा तुझाच हात लिहितो, तेव्हा लबाडी घडतेच मुळी त्या आकड्यात. तिथं 'मला सांगितलं म्हणून' एवढं पुरत नाही.

हे मी वरून उपदेश म्हणून लिहीत नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत मी २७ वर्षं काढली. तिथं एका कर्जाला जे तारण नव्हतंच, ते आहे असं दाखवणाऱ्या कागदावर मी सही केली होती. वरिष्ठांनी कागद पुढं सरकवला, 'ताई, फॉर्मॅलिटी आहे' म्हणाले. मुलगा दहावीला होता, घराचा हप्ता चालू होता. अकरा महिने मला झोप नव्हती. प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे फादरांपुढं पापांची कबुली द्यायला, गेले तेव्हा मी वरिष्ठांबद्दलच बोलत राहिले, ते कसे आहेत, त्यांनी कसं भरीस घातलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'सही कुणाची?' त्यानंतर तसल्या कागदावर सही करणार नाही, असं मी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी मला पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवींच्या, टेबलावर बसवलं आणि माझी बढती सहा वर्षं अडली. ती मला शेवटपर्यंत टोचली, हे तुझ्यापासून लपवत नाही. झोप मात्र परत आली.

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. मालकाशी एकट्यात बोल. भावाचा अपराध दिसला तर आधी दोघांतच बोला, असं प्रभू येशूनं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय आणि त्यात व्यवहाराचंही शहाणपण आहे. चारचौघांत मालकाचा मान गेला की तो ऐकणार नाही. सौद्याच्या वेळी बोलू नकोस, खरेदीदार बसलेले असताना तर नकोच. दुपारी जेवणं झाल्यावर, गर्दी ओसरली की बोल. वाक्यं आधी ठरवून जा. 'मालक, काट्यावर जेवढं येईल तेवढंच मी पट्टीवर लिहीन. अडत, हमाली, तोलाई, नियमात जी कपात बसते ती सगळी घालीन, एक रुपया सुटणार नाही. पण कमी वजन माझ्या हातनं लिहिलं जाणार नाही.' बस्स. त्यात बायबल आणू नकोस, 'माझा धर्म' असंही म्हणू नकोस. खरं वजन हा काही फक्त ख्रिस्ती माणसाचा हट्ट नाही. त्यांच्या आजोबांनाही तो पटला असता.

त्यांनी 'एवढं चालतंच' म्हटलं, तर दुकानाच्या फायद्याचंही बोल. शेतकरी गावात पट्ट्या एकमेकांना दाखवतात. ज्या दुकानात वरचे ग्रॅमही धरले जातात, तिथं पुढच्या वर्षी भावकीतली दहा घरं माल घेऊन येतात. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरचा खरेदीदार हे नाव बघून भाव देतो. नावाला जपायचं तर शेतकऱ्यालाही जपावं लागेल. मालक ऐकतील की नाही, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. काही मालक ऐकतात. काही दुसऱ्याला पट्टी करायला बसवतात. काही महिनाअखेरीला हिशोब चुकता करून मोकळे होतात. म्हणून बोलायला जाण्याआधी नवऱ्याला सगळं सांग आणि दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेल असं बघ. दुसरीकडं अर्ज टाकायलाही आत्तापासून लाग. पण एवढी तयारी होईपर्यंत खोटं वजन लिहीत राहायचं, असा अर्थ काढू नकोस. तोवर पट्टीवरचा वजनाचा रकाना मालकांनी स्वतः भरावा, एवढं तरी आजच सांगता येईल.

चार वर्षांत झालेल्या पट्ट्यांचं काय, हे तू विचारलं नाहीस, तरी ते तुझ्या मनात असणार. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं ज्यांचं लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करतो म्हटलं, पण पैसे त्याच्याच खिशात गेले होते. तुझ्या खिशात पगाराशिवाय काही आलेलं नाही. चर्चची शिकवण अशी आहे की भरपाईचं ओझं ज्याच्या-त्याच्या जबाबदारीच्या आणि मिळालेल्या वाट्याच्या प्रमाणात पडतं. मोठा भार मालकांवर आहे. तुझा भाग किती, ते प्रायश्चित्त संस्कारात फादरांना सगळं सांगून ठरव. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईनं त्यावर आकडा घालू नये. मात्र मालकाशी बोलताना मागचंही काढ. निदान जे शेतकरी दरवर्षी येतात, त्यांना यंदा कशा रूपात परत देता येईल एवढं तरी विचार.

आता हजेरीच्या वहीबद्दल. ती तुझ्या पत्रात सहज येऊन गेली, पण मला तीच फार महत्त्वाची वाटते. हळद निवडणाऱ्या बायकांचा रोज तूच लिहितेस. लेवीय पुस्तकात सांगितलंय की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. याकोबानं तर लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी पोचलंय. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांवर परिपत्रक काढलं, त्याच्या मुळाशी हाच धागा होता. तुझ्या दुकानात मजुरी वाढवणं तुझ्या हातात नाही, पण शनिवारचा रोज शनिवारी संध्याकाळीच मिळणं बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे. वही दुपारीच पुरी करून मालकापुढं ठेव. कुणाची अर्धी हजेरी चुकून गळली असेल तर ती स्वतःहून शोधून काढ. निवडणाऱ्या बायकांत एखादी म्हातारी असेल, तिला आकडा मोठ्यानं वाचून दाखव. तिला सही येत नसेल, पण हिशोब समजतो. मालकाची परवानगी न विचारता हे सगळं तू उद्यापासून करू शकतेस.

संत योसेफाचा एक शब्दही शुभवर्तमानांत नाही. तो सुतार होता आणि मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला. आपल्याकडं त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, तेव्हा यंदा सकाळी मिस्सेला जा. आणि मिरजेत राहतेस म्हणून आणखी एक आठवण करून देते. त्या गावात ख्रिस्ती म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी मिशन दवाखान्याच्या डॉ. वानलेसांचं नाव येतं. ते प्रॉटेस्टंट मिशनचे, आपल्या चर्चचे नव्हेत. पण लोक बैलगाड्या जोडून त्यांच्याकडं यायचे ते ऑपरेशनसाठी, आणि माणूस बरा होऊन घरी जायचा म्हणून आजही ते नाव निघतं.

रविवारचं झटकन सांगते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे कॅनन लॉच्या, १२४८ व्या कलमात ते स्पष्ट आहे. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, ती होते का, ते विचार. खरंच मार्ग नसेल तर फादरांना भेट. गंभीर कारण असेल तर ते त्या रविवारची सूट देऊ शकतात, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. दुकानात मात्र आधीच बोलून ठेव. हळदीचा सीझन आणि आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमके एकाच वेळी येतात, त्यामुळं पवित्र आठवड्याची रजा आदल्या दिवशी मागितली तर कुणीही चिडेल. जानेवारीतच तारखा दे आणि गौरी-गणपतीत बाकीचे सुट्टीवर जातील तेव्हा मी थांबेन, असंही सांग. सांगितलंस तसं थांब.

वहीपूजनाला तू हजर राहावंस असं मला वाटतं. वखार झाडायला, फुलं आणायला, आल्या-गेल्याला फराळ द्यायला पुढं हो. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हेही त्याच परिषदेनं १९६५ मध्ये सांगितलंय. पण पूजा ही उपासना आहे आणि आपली उपासना एकाच देवाची. म्हणून कुंकू लावायचं काम नम्रपणे दुसऱ्याकडं दे. 'मालक, हा मान घरच्या वहिनींचा' म्हटलंस तर कुणाला लागणार नाही. प्रसादाबद्दल संत पौलानं करिंथकरांना लिहिलेला आठवा आणि दहावा अध्याय वाच. अन्नानं आपण देवाजवळ जात नाही की दूरही जात नाही, असं तो म्हणतो. पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्या कुणाच्या श्रद्धेला ठेच लागणार असेल तर खाऊ नको, असंही म्हणतो. माझ्या सासूबाईंना ते चालत नसे. त्यांच्या हयातीत मी कधी खाल्ला नाही, ऑफिसात हात जोडून 'घरी चालत नाही' एवढं सांगायचे. आता एखादीनं प्रेमानं हातावर ठेवला तर ते प्रेम मी परतवत नाही. तुझ्या विवेकाला काय पटतं, ते तू प्रार्थनेत बघ.

'बाटवील' म्हणणाऱ्यापुढं यापुढं हसू नकोस. भांडूही नकोस. पेत्रानं लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. त्या माणसाला शांतपणे सांग, 'भाऊ, चार वर्षं एका टेबलाला बसतोय, मी तुम्हाला कधी काही म्हटलं का? या बोलण्यानं मला लागतं.' बहुतेक माणसं तिथंच थांबतात. आणि कधी त्यानं खरंच विचारलं की तुमच्यात काय असतं, तर तुझ्या माहेराकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेचं सांग. सप्टेंबरात तिथं किती माणूस लोटतं, आपल्या आज्या-पणज्या मराठीतूनच कशी गाणी म्हणत गेल्या, ते सांग. कामाच्या वेळात मात्र प्रवचन नको, तो वेळ मालकानं विकत घेतलेला आहे.

राहिला क्रूस. आत ठेवलास तरी प्रभू रागावत नाही आणि बाहेर काढलास म्हणून श्रद्धा वाढत नाही. माझं मत विचारशील तर वजनाचा रकाना सरळ होईपर्यंत तो आतच असू दे. ज्या शेतकऱ्याचे वीस किलो गेले, त्यानं पट्टी घेताना तुझ्या गळ्यात क्रूस बघावा, हे मला सोसणार नाही. ज्या दिवशी काट्यावरचा आकडा तसाच्या तसा पट्टीवर येईल, त्या दिवशी तुला वाटलं तर काढ.

मालक काय म्हणाले ते मला लिही. नोकरी राहिली तरी लिही आणि गेली तर आधी लिही. सांगली-मिरजेत टॅली येणाऱ्या, हिशोबाला पक्क्या बाईला काम मिळू शकतं. अर्ज कसा करायचा, आधीची नोकरी का सोडली याचं उत्तर मुलाखतीत काय द्यायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी